ब्रेक ऑइल म्हणजे कुठलं ऑइल?

परवा सकाळी टेक लॉग, म्हणजे विमानाची दुखणी लिहायची वही, उघडलं, तर एका शिकाऊ वैमानिकाने आदल्या संध्याकाळचा स्नॅग, म्हणजे बिघाड, लिहून ठेवलेला: ‘राइट ब्रेक सॉफ्ट’. पोरगा हँगरच्या दारातच घुटमळत होता. विचारलं, "सॉफ्ट म्हणजे कसा रे?" त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "सर, पावासारखा."

मला उत्तर आवडलं. कारण ‘सॉफ्ट’ हा शब्द आमच्याकडे तीन-चार वेगवेगळ्या दुखण्यांना वापरतात, आणि त्यांचे इलाज एकमेकांशी काडीइतके जुळत नाहीत. पावासारखा म्हणजे दाबला की दबतो, सोडला की फुगतो. निम्मं निदान त्यानेच करून टाकलं होतं.

मी गेली वीसेक वर्षं छोट्या विमानांच्या देखभालीचं काम करतो. शिकाऊ वैमानिकांची विमानं, त्यातही बहुतेक सेसना १७२. ओळखीचे लोक भेटले की इंजिनाबद्दल विचारतात, ‘आकाशात बंद पडलं तर काय’ हे तर हमखास. ब्रेकबद्दल आजवर कुणी विचारलेलं नाही. विमानाला ब्रेक असतो हेच पुष्कळांच्या डोक्यात नसतं. असतो. आणि तो तुमच्या मोटरसायकलच्या डिस्क ब्रेकपेक्षा फार वेगळा नसतो. सेसनात रडर, म्हणजे शेपटीवरचं सुकाणू, आणि ब्रेक एकाच पेडलवर. अख्खं पेडल पुढे ढकललं की रडर वळतो, पंजाने वरचा भाग दाबला की त्या बाजूच्या चाकाला ब्रेक लागतो. डाव्या सीटच्या दोन पेडलांना तेल ढकलणारे दोन मास्टर सिलेंडर जोडलेले, तेलाची टाकी म्हणजे त्या सिलेंडरचंच वरचं पोट. उजव्या सीटवरच्या इन्स्ट्रक्टरची पेडलं दांड्यांनी ह्यांनाच जोडलेली असतात. बूस्टर नाही, इंजिनाची मदत नाही. तुमच्या पायाचा जोर, मधे नळीभर तेल आणि खाली चाकापाशी डिस्कला चिमटीत धरणारा कॅलिपर. बस्स. जुन्या पायपरमध्ये तर डॅशबोर्डखालचा दांडा ओढून दोन्ही चाकांना एकदम ब्रेक लावायची सोय असते. लाल डब्यातल्या एसटीच्या ड्रायव्हरला ती विमानं दोन मिनिटांत कळतील.

तर मी डाव्या सीटवर बसलो, टाचा जमिनीवर टेकवल्या आणि उजवा पंजा हळू दाबला. पेडल निम्म्याहून जास्त खाली गेलं, मग कुठे तरी अडलं. सोडलं. पटापट तीनदा मारलं. चौथ्यांदा पेडल वरच थांबलं, छान टणक. तसंच दाबून मनात तीसपर्यंत मोजलं. हललं नाही.

ह्या दोन चाचण्यांत पायाला बरंच कळतं. मारून मारून पेडल वर येत असेल तर आत हवा आहे. पेडल आधी टणक लागतं, पण दाबून धरलं की मऊ लोण्यात सुरी जावी तसं सावकाश खाली बसत जातं, आणि बाहेर कुठे थेंब दिसत नाही, तर मास्टर सिलेंडरच्या आतलं रबर तेलाला मागच्या दाराने वाट देतंय. थंड असताना झकास आणि चारपाच लँडिंगनंतर मऊ, म्हणजे उष्णतेचं प्रकरण, आत पाणी शिरलंय का बघा. पेडल दगडासारखं टणक आहे पण विमान थांबतच नाही, तर तेलाचा काही दोष नाही. डिस्कला घासणाऱ्या पट्टीवर, म्हणजे लायनिंगवर, काचेसारखा गुळगुळीत थर चढलाय किंवा ग्रीस पडलंय. पोरं ह्या सगळ्याला सॉफ्ट ब्रेक म्हणतात.

हवा इतका त्रास का देते हे मी नव्या ट्रेनींना सिरिंजवर दाखवतो. सिरिंजमध्ये तेल भरायचं, तोंडावर बोट दाबायचं आणि दट्ट्या ढकलायचा. हलत नाही. मग एक घनसेंटीमीटर हवा घ्यायची आणि पुन्हा ढकलायचं. वातावरणाच्या वीसपट दाब दिला की त्या बुडबुड्याचा विसावा हिस्सा उरतो. म्हणजे जवळजवळ एक घनसेंटीमीटर तेल तुमच्या पायाने ढकललं ते निव्वळ बुडबुडा चेपण्यात गेलं, चाकापर्यंत पोचलंच नाही. आमचा मास्टर सिलेंडर आहे बोटाएवढा. त्याच्या एका फेरीत तेल जातं ते किती! तिथे छोटासा बुडबुडासुद्धा पेडलची बरीच चाल खातो.

आता प्रश्न असा की उजव्याच बाजूला हवा का? बाहेरून कुठे ओल नव्हती. कॅलिपर कोरडा, नळीचे जोड कोरडे. उजव्या सिलेंडरचं झाकण उघडलं तर तेल तळाला. डाव्याचं जागेवर. मग उजव्या चाकाचं लायनिंग मोजलं. सेसनावरच्या ह्या क्लीव्हलँड ब्रेकचं लायनिंग शंभर थाऊवर (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आलं की काढायचं, म्हणजे साधारण अडीच मिलीमीटर. हे एकशेपाचवर. डावं अजून दणकट होतं.

त्यामागची गोष्ट अशी. एका पंख्याचं विमान पूर्ण ताकदीवर धावायला लागलं की नाक डावीकडे ओढतं. ते सरळ ठेवायला उजवा रडर द्यावा लागतो. अनुभवी माणूस टाच जमिनीवर ठेवून पंजाच्या खालच्या भागाने पेडल ढकलतो. नवं पोर घाबरून अख्खा पाय पेडलवर चढवतं, मग रडरबरोबर उजवा ब्रेकही थोडाथोडा लागत राहतो. एकीकडे इंजिन ओढतंय, दुसरीकडे ब्रेक धरतोय. दिवसाला पंधरा-वीस टेकऑफ. लायनिंग झिजतं तसा कॅलिपरचा पिस्टन बाहेर येतो, मागची रिकामी जागा भरायला वरचं तेल खाली उतरतं. चमचा-दीड चमचा तेल असं काही न गळता खाली जातं. टाकीच मुळात एवढीशी, त्यामुळे पातळी तळाला लागते आणि एका वळणावर सिलेंडर तेलाऐवजी हवेचा घोट घेतो. तिथून पुढे पाव.

म्हणजे स्नॅग पायाने घातलेला होता. पोराला हे सांगितलं तेव्हा तो आपल्या बुटांकडे बघायला लागला.

हवा काढायची होती, लायनिंग बदलायचं होतं. नवी ट्रेनी मुलगी हाताशी होती, दोन महिन्यांपूर्वी आलेली, कामाला वाघीण. ती म्हणाली, "सर, ब्रेक ऑइल घेऊन येते." मी म्हटलं, "कुठलं?" ती थबकली. आणि मला माझी वीस वर्षांपूर्वीची संध्याकाळ आठवली.

त्यासाठी आधी साखरप्याला जावं लागेल.

कोल्हापूरहून रत्नागिरीला जाताना आंबा घाट उतरला की पायथ्याशी साखरपा. तिथे माझ्या मामाचं गॅरेज होतं, पत्र्याचं, समोर चिंचेचं झाड. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिथेच. घाट उतरून येणाऱ्या वडापच्या जीपा आणि टेंपो दिवसातून दोन-तीन तरी तिथे येऊन उभे राहायचे, चाकातून जळका वास, ड्रायव्हरचा चेहरा पांढरा. "मिस्त्री, शेवटच्या वळणावर पेडल एकदम खाली गेलं." मामा गाडीकडे न बघता म्हणायचा, "बस. च्या पी." अर्ध्या तासाने ड्रायव्हर पेडल दाबून बघायचा तर ब्रेक ठणठणीत. त्याला जादूच वाटायची.

जादू कसली. गाडीच्या ब्रेकमधलं डॉट थ्री किंवा डॉट फोर हे खऱ्या अर्थाने तेल नसतंच; ते ग्लायकोल ईथर जातीचं रसायन. त्याचा स्वभाव पाणी ओढून घेण्याचा. कोकणातला एक पावसाळा झाकण नीट न लावलेल्या बाटलीला पुरतो. कोरडं डॉट थ्री उकळायला निदान २०५ अंश लागतात. तेच पावणेचार टक्के पाणी प्यालं की १४० ची हमी उरते. डॉट फोरचे आकडे २३० आणि १५५. घाटात ड्रम तापला, आतलं पाणी प्यालेलं ब्रेक ऑइल उकळलं, वाफ झाली, आणि वाफ हवेसारखीच दबते. गार झालं की वाफेचं पुन्हा पाणी. पेडल वर. मामाला ह्यातलं ग्लायकोल वगैरे ठाऊक नव्हतं. त्याला एवढं माहीत होतं की बाटलीचं झाकण उघडं ठेवणाऱ्या पोराच्या टाळक्यात पाना घालायचा.

तिथेच मी हवा काढायला शिकलो. मी गाडीत, मामा खाली. "मार... मार... मार... धर." मी पेडल दाबून धरायचं. खाली मामा निपल, म्हणजे हवा सोडायचा स्क्रू, सैल करायचा, बुडबुडे फसफसत बाहेर यायचे, पेडल माझ्या पायाखाली खाली जायचं. "सोडू नको हां!" निपल आवळल्याचा आवाज. "सोड." असं चारही चाकांना. बारा वर्षांच्या पोराला गाडीत बसून एवढा मान दुसऱ्या कुठल्या कामात मिळणार?

त्या शिदोरीवर मी विमानाच्या हँगरमध्ये आलो. ब्रेक ह्या विषयात आपण आधीच तयार आहोत अशी माझी समजूत.

तिथले सीनियर इंजिनियर, त्यांना सगळे काका म्हणत, त्यांनी एका संध्याकाळी मला सांगितलं, "डाव्या कॅलिपरची ओ-रिंग बदललीय. तू हवा काढून ठेव. सकाळी मी बघतो आणि सही करतो." ओ-रिंग म्हणजे पिस्टनभोवतीची, तेल अडवणारी रबरी कडी. ते गेले. मी एकटा. विमानाच्या ब्रेकमधल्या लाल तेलाचा डबा निम्म्यातच संपला. दुसरा डबा स्टोअरमध्ये, स्टोअरला कुलूप, स्टोअरकीपर घरी. माझ्या मोटरसायकलच्या डिकीत मात्र तिच्याच ब्रेकसाठी आणलेली डॉट थ्रीची बाटली होती, सीलबंद. मनात म्हटलं, ब्रेक ऑइल ते ब्रेक ऑइल. उलट हे सीलबंद, ताजं. भरलं. हात पुसले, चाक पुसलं, पेडल दाबून बघितलं, एकदम कडक. खूश होऊन घरी गेलो.

सकाळी काका विमानाभोवती फेरी मारताना डाव्या चाकापाशी वाकले आणि वाकलेलेच राहिले. विमानाच्या पायाच्या पांढऱ्या रंगावर, निपलच्या खाली, तीन जागी साय धरल्यासारखा रंग सुरकुतला होता. मी पुसलेल्या थेंबांतले मला न दिसलेले तीन थेंब. डॉट थ्री रंग खातं. गॅरेजमध्ये मला हे माहीत होतं, तिथे बोनेटवर सांडलं की मामा बादलीभर पाणी ओतायचा. इथे डोक्यात आलं नाही.

काकांनी निपलवर बोट फिरवलं, वास घेतला. मग मला म्हणाले, "जा, प्यायच्या पाण्याचा पेला भरून आण." आणला. स्टीलचा. त्यांनी लाल डब्याच्या तळाशी उरलेल्या तेलाचा एक थेंब पाण्यात सोडला. थेंब वर तरंगला, फोडणीच्या तेलासारखा, लालसर चकती होऊन. मग निपलखालून घेतलेला थेंब सोडला. तो पाण्यात साखरेच्या पाकासारख्या रेघा काढत खाली गेला आणि दिसेनासा झाला.

"कुठलं घातलंस?"

सांगितलं. मला वाटलं होतं आरडाओरडा होईल. ते म्हणाले, "सही व्हायची होती म्हणून वाचलास. म्हणजे मीही वाचलो." विमान चार दिवस जमिनीवर. मास्टर सिलेंडर, कॅलिपर, होज सगळं उघडलं, धुतलं, वाळवलं, प्रत्येक रबर नवं टाकलं. ज्या पोरांचं त्या आठवड्यातलं उड्डाण बुडलं ती माझ्याशी महिनाभर धड बोलली नाहीत.

पण काकांनी त्याच दिवशी आणखी एक काम दिलं, आणि मला ब्रेक कळला तो त्यातून. दोन लोणच्याच्या बरण्या घ्यायला लावल्या. एकीत लाल तेल, दुसरीत डॉट थ्री. दोन्हींत विमानाची एकेक काळी ओ-रिंग टाकली. शिवाय मामाकडून गाडीच्या व्हील सिलेंडरचे दोन रबरी कप मागवले, गॅरेजच्या भाषेत वायसर, आणि तेही एकेक टाकले. आठ दिवस बरण्या स्टोअरच्या खिडकीत.

आठव्या दिवशी लाल तेलातली ओ-रिंग होती तशी. डॉटमधला वायसरही जसाच्या तसा. पण डॉटमधली ओ-रिंग फुगली होती आणि नखाने दाबली तर नखाचा वण राहत होता. आणि लाल तेलातला गाडीचा वायसर? तो भिजवलेल्या वालासारखा टम्म. सिलेंडरमध्ये घालायला गेलो तर तोंडाशीच अडला.

दोन्ही काळी, दोन्ही रबरं, दिसायला सख्खी भावंडं. पण विमानातलं असतं नायट्राइल आणि गाडीतलं बहुधा ईपीडीएम. रबर आपल्यासारख्या स्वभावाचं द्रव पितं. ईपीडीएम हे निव्वळ हायड्रोकार्बनचं रबर, म्हणजे खनिज तेलाच्या गोतावळ्यातलं. तेल भेटलं की ते त्याला आत घेतं आणि फुगतं. ग्लायकोल हे पाण्याच्या बाजूचं, त्याला ईपीडीएम दारात उभं करत नाही. नायट्राइलमध्ये अ‍ॅक्रिलोनायट्राइल नावाचा घटक असतो, तो त्याला तेलापासून तोडतो; जितका तो जास्त, तितकं रबर तेलाला कमी धूप घालतं. पण त्याच घटकामुळे ग्लायकोलला मात्र दार उघडं पडतं. प्रत्येक रबर आपल्या उलट्या स्वभावाच्या द्रवाबरोबर टिकतं. लग्नाच्या बाबतीत काही लोक असंच म्हणतात, मी त्यात पडत नाही.

फुगलेली ओ-रिंग कॅलिपरच्या खाचेत काय करते? आधी पिस्टन घट्ट धरते. पेडल सोडलं तरी लायनिंग डिस्कला चिकटून राहतं, चाक तापतं. मग मऊ झालेलं रबर घासून घासून फाटतं आणि गळायला लागतं. म्हणजे पहिल्या दिवशी ब्रेक कडक लागतो, आणि ह्यातच फसवणूक आहे. माझं पेडल त्या रात्री आजवरच्या कुठल्याही पेडलपेक्षा कडक होतं. त्यात डॉट खनिज तेलापेक्षा जड. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे डॉट हळूहळू उतरून बरोबर कॅलिपरपाशी जाऊन बसणार. जिथे रबर सगळ्यात जास्त तापतं तिथेच.

त्या लाल तेलाचं अमेरिकन लष्करी जुनं नाव एमआयएल-एच-५६०६. आमच्याकडे नुसतं ‘फिफ्टीसिक्स-ओ-सिक्स’ किंवा ‘लाल’. पातळ इतकं की हातावर घेतलं तर रॉकेलसारखं पळतं, वासही त्याच घराण्यातला. ते उणे ५४ अंशांपर्यंत वाहतं राहावं म्हणून असं बनवलंय. आमच्या धावपट्टीवर मे महिन्यात सावलीत ४३ असतात, तेव्हा ह्या गुणाचं आम्हाला काय कौतुक! आणि ह्याच पातळपणाची किंमत म्हणजे ते लवकर पेटतं: भडकबिंदूची, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ पेट घेते त्याची, अट ८२ अंशांची. म्हणून अमेरिकन लष्कराने पुढे ८३२८२ क्रमांकाचं कृत्रिम तेल आणलं. तेही लाल, तेही नायट्राइलशी जमवून घेणारं, ५६०६ मध्ये मिसळलं तरी चालणारं, पण भडकबिंदू २०५. थंडीत जरा जाड होतं एवढाच दोष, जो आमच्याकडे दोष नाहीच. मोठ्या जेट विमानांत आणखी तिसरं असतं, जांभळं, फॉस्फेट ईस्टरचं. आग लवकर धरत नाही पण रंग आणि कातडी दोन्ही सोलतं, आणि नायट्राइलला तर जिवंत ठेवत नाही. त्याला पुन्हा ईपीडीएम.

काका जुन्या पुस्तकातली एक गंमत सांगायचे. सुरुवातीच्या काळातल्या विमानांत हायड्रॉलिक तेल म्हणून चक्क एरंडेल आणि अल्कोहोल वापरायचे, निळा रंग घालून. रबर नैसर्गिक, झाडाचं. खनिज तेल लागलं की ते फुगून वाया जायचं, एरंडेलात टिकायचं. १९३० च्या दशकात जर्मनीत नायट्राइल आलं आणि खनिज तेलाची वाट मोकळी झाली. "म्हणजे," काका म्हणायचे, "पूर्वी एकाच बाटलीने विमानाचा ब्रेकही साफ आणि पायलटचं पोटही."

निळं, लाल, जांभळं. रंग शोभेचे नाहीत. पण तरी नुसत्या रंगावर विसंबू नये. लाल तेल वर्षानुवर्षं तापून तापून चहासारखं होतं, आणि गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरचं ऑइलसुद्धा लाल मिळतं. काही हलक्या विमानांत उत्पादकानेच डॉट फोर सांगितलेलं असतं, तिथे लाल घालणं हा तेवढाच मोठा गुन्हा. त्या विमानाचं मॅन्युअल उघडायचं, टाकीवरची पाटी वाचायची.

पाण्याच्या बाबतीत लाल तेलाचा स्वभाव डॉटच्या बरोब्बर उलटा. ते पाणी पीतच नाही. ऐकायला बरं वाटतं, पण मग आत शिरलेला थेंब जातो कुठे? तेलापेक्षा जड, तो सरळ खाली कॅलिपरच्या तळाशी बसतो. तिथे गंज धरतो, आणि चाक तापलं की शंभर अंशांवर त्याची वाफ. डॉट पाणी पिऊन स्वतः जरा बिघडतं, पण पाणी एका जागी साठू देत नाही. कुठलं चांगलं असं विचारलं तर मी उत्तर देत नाही.

चाक तापतं म्हणजे किती, ते एकदा कागदावर काढून बघितलं. नवी १७२ पूर्ण भरलेली असली की ११५७ किलो. ५० नॉटने जमिनीवर धावताना तिच्यात ३८० किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. तेवढ्यात सव्वा लिटर पाणी साध्या तापमानावरून उकळीला येईल. त्यातली थोडी वारा आणि टायर खातात, बाकीची दोन बशांएवढ्या डिस्कांत. वेग दहा नॉटने वाढवून ६० केला तर ऊर्जा ४४ टक्क्यांनी वाढते, कारण वर्गाचा हिशोब. म्हणून उतरल्या उतरल्या ब्रेकवर उभ्या राहणाऱ्या पोरांवर मी चिडतो. धावपट्टी लांब आहे, वेग आपोआप उतरू दे की. पुढचं चाक मोकळं फिरणारी जी विमानं आहेत, सिरस वगैरे, त्यांना तर टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर हळू चालताना, सरळ जायलाही ब्रेकच मारावा लागतो. तिथे सतत ब्रेक घासत चालवलं तर ओ-रिंग करपते, लाल तेल तापलेल्या डिस्कवर गळतं आणि मग त्या ८२ आकड्याचा अर्थ कळतो.

आणखी एक, पार्किंग ब्रेक. दुपारच्या उन्हात तो लावून जेवायला जाऊ नका. नळीत कोंडलेलं तेल तापून फुगतं, जायला जागा नाही, ताण सगळा रबरांवर. उलट तापलेल्या ब्रेकवर लावून ठेवलात तर गार झाल्यावर दाब उतरतो आणि विमान आपलं आपण फिरायला निघतं. चाकाला लाकडी चॉक, म्हणजे अडवणारा ठोकळा, लावा. तो तापत नाही, गळत नाही.

तर परवाचं काम. "लाल, फिफ्टीसिक्स-ओ-सिक्स," मुलगी म्हणाली, "मॅन्युअलमध्ये बघून आले," आणि नवा डबा घेऊन आली. बॅच नंबर, मुदत, सर्टिफिकेट जुळवलं. लायनिंग बदललं, पिस्टन मागे ढकलला. मग तिने पेडलवर बसायची तयारी केली. कोणीतरी तिलाही ‘मार, मार, धर’ शिकवलेलं दिसलं. मी म्हटलं, "तू वर बस, पण पेडलला हात नाही लावायचा. पायही नाही."

मामा हवा वरून खाली काढायचा, विमानात ती खालून वर काढतात. बोटाएवढ्या सिलेंडरने तेल ढकललं तर बुडबुडा नळीत चार इंच पुढे जातो आणि पेडल सोडलं की तेवढाच मागे येतो. दिवसभर मारत बसा. त्यापेक्षा खालच्या निपलला दाबाच्या भांड्याची पारदर्शक नळी लावायची आणि तेल सावकाश वर चढवायचं. बुडबुड्याला वरच जायचं असतं, आपण फक्त मागून हात लावायचा. सावकाश हे महत्त्वाचं, घाईने ढकललं तर तेल स्वतःच फेसाळतं. वर सिलेंडरच्या तोंडातून दुसरी नळी बाटलीत सोडलेली. मुलगी तिकडे डोळे लावून बसली. "आला... आला एक... मोठा आहे सर... आता बारीक बारीक..." मग बराच वेळ काही नाही. "स्वच्छ." तरी मी अजून वाटीभर जाऊ दिलं. शेवटी टाकीची पातळी थोडी उतरवून ठेवली. काठोकाठ भरली तर तापल्यावर तेलाला फुगायला जागा राहत नाही आणि ब्रेक धरून बसतो.

पेडल पहिल्याच दाबाला वर थांबलं. तीसपर्यंत मोजलं. ठीक. मग इन्स्ट्रक्टरने ते विमान टॅक्सीवेवर नेऊन सहा वेळा हलका ब्रेक मारून, मधे मधे गार होऊ देऊन नवं लायनिंग बसवलं. ज्या पोराने स्नॅग लिहिला होता त्याला मुद्दाम शेजारी बसवलं होतं. लांबून काही दिसत नव्हतं, पण उतरल्यावर इन्स्ट्रक्टर म्हणाला की टाचा जमिनीवर होत्या.

संध्याकाळी आवराआवर करताना मुलगी म्हणाली, "सर, तुम्ही सकाळी ‘कुठलं’ असं का विचारलंत?" मी कपाटातून पेला काढला. तोच, स्टीलचा. काका रिटायर झाले तेव्हा मागून घेतला. त्याच्या काठावर त्यांनी एन्ग्रेव्हरने कोरून ठेवलंय: ‘पिण्यासाठी नाही’. तिला म्हटलं, जा, पाणी भरून आण.